अब्बांचा डबा

आमच्या घरात ‘मी’ फारसा वापरात नाही. घरी दखनी बोलताना ‘हम’ तोंडात बसलेले. मराठी लिहायला घेतले तरी ते ‘आम्ही’ होऊन येतेच. तेव्हा खाली जिथे जिथे ‘आम्ही’ येईल तिथे माणूस एकच आहे, कल्याणला दूध नाक्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका जुन्या घराच्या पडवीत लेथ चालवणारा, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पडवी दहा फूट बाय आठ. तीत साडेचार फुटी बटाल्याची लेथ, भिंतीला लागून बेंच ग्राइंडर, एक वाइस, एक हाताने दाबायचे जुने ड्रिल मशीन. आणि कोपऱ्यात फळीवर डालड्याचा पिवळा डबा. त्यावरचे झाड केव्हाच पुसले गेले आहे. डब्यात अब्बांनी स्वतः केलेली टूल. प्रत्येक टूल तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले; काही मराठी पेपरात, काही उर्दू. लेथ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लेथ नुसती लोखंड फिरवते. कापते ते टूल. बोटभर लांबीचा पोलादाचा तुकडा, त्याच्या टोकाला दिलेली धार. लेथ लाखाची असो की भंगारातली, टोकाची ती तांदळाएवढी जागा बिघडली की जॉब बिघडला.

अब्बा मूळचे कराडकडचे. १९६६ साली मुंबईकडे आले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून लागले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत म्हणजे वागळे इस्टेट. त्या काळी तिथे कामगाराला कामगाराचा खांदा लागायचा. कल्याणहून सकाळची लोकल, ठाण्याला उतरून बस, आठच्या भोंग्याला हजर. कारखान्यात कापड गिरण्यांच्या मशिनरीचे सुटे भाग होत. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून गेला. आमच्या घरात तो मागच्या दाराने आला. गिरण्या थांबल्या तसे सुटे भागही थांबले. १९८४ला कारखाना बंद झाला. हिशेबाचे जे पैसे मिळाले ते अर्धेमुर्धे. उरलेल्यांसाठी अब्बा बरीच वर्षे चकरा मारत होते. कारखान्याचे नाव इथे लिहीत नाही. आता तिथे काचेच्या भिंतींची आयटी कंपन्यांची इमारत उभी आहे.

त्या अर्ध्यामुर्ध्या पैशांत अब्बांनी ही लेथ घेतली. हिशेब सरळ होता. गिरण्यांचे कापड यंत्रमागांकडे चालले होते, आणि यंत्रमाग म्हणजे भिवंडी, आमच्यापासून दोन हाकांवर. लूमचे दांडे, बुशी, नट, पुल्या. काम उडून जाणार नव्हते. लेथ एप्रिलमध्ये पडवीत बसली. मे महिन्यात भिवंडी पेटली, तिची आच ठाणे-कल्याणपर्यंत आली. त्यावर या अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, आम्ही इथे अधिक लिहीत नाही. आमच्यापुरते एवढेच की पुढचे सहा महिने त्या लेथवर पैसे देणारा एकही जॉब चढला नाही.

त्या सहा महिन्यांत अब्बांनी टूल केली.

आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. अम्मी शेजारणींच्या कपड्यांना फॉल-बीडिंग करायची, त्यावर चूल. अब्बा मात्र सकाळी अंघोळ करून, कामावर जायचा शर्ट घालून पडवीत जात आणि आठ वाजता ग्राइंडर लावत. भोंगा नव्हता, पण आठ म्हणजे आठ. पोलाद विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून कुर्ल्याच्या भंगारबाजारातून, चोरबाजारातून ते तुटके तुकडे आणत: पॉवर हॅकसॉची मोडकी पाती, बेअरिंगच्या कड्या, झिजलेल्या कानशी, तोंड गेलेले रीमर. भंगारवाल्याला यातले काय कुठले ते ठाऊक नसे. अब्बा तुकडा त्याच्याच ग्राइंडरला क्षणभर टेकवत आणि ठिणगी बघत. साध्या कार्बन पोलादाची ठिणगी फुलबाजीसारखी, पांढरी, टोकाला चांदण्या फुटणारी. हाय स्पीड स्टीलची ठिणगी अगदी गरीब: तांबूस, तुरळक, विझत्या विडीसारखी. “जो कम चमकता, वो ज्यादा चलता,” असे म्हणून अब्बा तो मळकट तुकडा पिशवीत टाकत. भंगारवाला दोन्हीचा भाव सारखाच लावी.

हे हाय स्पीड स्टील म्हणजे काय ते आम्हांला फार उशिरा, अंबरनाथच्या आयटीआयमध्ये कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत टेलर आणि व्हाइट या दोघांनी बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात प्रयोग केले. टंगस्टन-क्रोमियम घातलेले पोलाद वितळायला येईल इतके तापवून गार केले तर ते पुढे लाल होईपर्यंत तापले तरी धार सोडत नाही, हे त्यांना दिसले. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी लाल झालेले टूल लोखंड कापताना पाहिले. कार्बन पोलादाचे टूल त्याआधीच मान टाकते. जरा निळे पडले की त्याची धार मऊ झालीच. म्हणून घरच्या पडवीत दोन वेगळे धर्म पाळावे लागतात. हाय स्पीड स्टीलला घरी पाणी पाजता येत नाही, त्याला बाराशे अंशांच्या वरची भट्टी लागते. ते कडक केलेलेच आणायचे आणि फक्त घासून आकार द्यायचा. कार्बन पोलाद मात्र मऊ असताना हवे तसे कोरता येते आणि मग घरच्या आचेवर कडक करता येते. पहिल्यात घासणारा हात लागतो. दुसऱ्यात डोळा लागतो.

घासण्याचे काम बघायला सोपे. टूलच्या टोकाला पुढून आणि बाजूने थोडा उतार द्यायचा, म्हणजे खालचे अंग जॉबला घासत नाही. वरून एक उतार, म्हणजे कीस वर चढून निघून जातो. पुस्तकात हे उतार अंशांत दिलेले असतात. अब्बांकडे कोनमापक नव्हते. ते टूल दोन्ही हातांच्या बोटांत धरून चाकावर टेकवत, कोपर बरगडीला चिकटलेले, आणि सगळे अंग एकदम हलवत. नुसता हात हलवला तर उतार गोल होतो. आम्ही धरले की गोल व्हायचे. मग ते आमच्या कोपराला मागून बोट लावत. बोलत काही नसत. पोलादासाठी वरचा उतार चांगला हवा, पितळेसाठी मुळीच नको. पितळेला उतार दिला की पितळ टूलला आत ओढून घेते आणि जॉब फेकते. पितळेचे टूल वरून सपाट, पाटासारखे. हे वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

पाणी पाजण्याचे काम अब्बा कारखान्यात शिकले नव्हते. तिथे तो विभागच वेगळा होता. ते शिकले दुर्गाडीच्या उतारावर पाल ठोकून राहणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडून. घरधनी तापलेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरायचा आणि घण त्याची बायको मारायची, पाठीला पोर बांधून. अब्बा तिथे तासन्‌तास उकिडवे बसत. विळा पाण्यात कसा घालायचा, आडवा नाही, उभा. घातल्यावर ढवळायचा कसा. आणि बाहेर काढून त्याची चिडकी कशी उतरवायची. ‘चिडकी’ हा त्या माणसाचा शब्द. नुकते पाणी पाजलेले पोलाद काचेसारखे होते, टिचकीने फुटेल असे. ते पुन्हा थोडे तापवून शांत करावे लागते. इंग्रजी पुस्तकात याला टेंपर म्हणतात. आम्हांला अजून घिसाड्याचा शब्द बरा वाटतो.

सहा महिन्यांनी भिवंडीचे लूम सुरू झाले, जॉब आला, मग जॉब येतच राहिले. भाईजान १९९७ला टर्नर म्हणूनच सौदीला, जुबैलला गेले. आम्ही अब्बांच्या हाताखाली राहिलो. नागदेवी स्ट्रीटवरून हवे ते टूल आता विकत आणता येत होते. कार्बाइडच्या टिपा आल्या, मग स्क्रूने बसवायच्या तयार टिपा आल्या, बोथट झाली की फिरवायची, चारी टोके संपली की फेकायची. आम्हीही ती वापरायला लागलो. डबा फळीवर राहिला. खरे सांगायचे तर आम्हांला त्या डब्याची थोडी लाजच वाटे. गिऱ्हाईक पडवीत आले की नवी टूल समोर ठेवायची, डबा मागे सारायचा.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे उल्हास नदी आणि खाडी यांनी मिळून काय केले ते आमच्या भिंतीवर अजून दिसते, जमिनीपासून साडेचार फुटांवर एक मातकट रेघ आहे. लेथ बुडाली. मोटर जळाली. नव्या टूलची पत्र्याची पेटी वाहून कुठे गेली ती मिळालीच नाही. डबा फळीवर होता म्हणून वाचला.

चार दिवस गाळ उपसला, आठ दिवस रॉकेलने लेथ पुसली. भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. जुबैलहून भाईजानचा फोन आला: “बेच डालो. अब्बा की आँखें भी गयीं. तुम इधर आ जाव, मैं व्हिसा देखता.” अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑगस्टात ऑपरेशन ठरले होते, ते पुराने लांबले. त्यांना दारातला माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. फोन अब्बांसमोरच झाला. ते काही बोलले नाहीत, रॉकेलचा बोळा घेऊन लेथच्या बेडवर चाचपत राहिले.

त्यातच भिवंडीहून लूमवाले चाचा आले. त्यांचेही माग पाण्याखाली गेले होते. जुन्या विलायती घडणीच्या लूमचा एक फिरता दांडा, त्यावरचे नट गंजून फुटले होते. चाळीस नट हवे होते. दांडा फिरताना सैल होऊ नये म्हणून आटे डावे. अर्धा इंच, इंचाला १२ आटे, व्हिटवर्थचे ५५ अंशांचे. आजच्या मेट्रिकचे ६० अंशांचे, त्यांचे यांच्याशी जमत नाही. असा डावा टॅप नागदेवीला विचारला तर ऑर्डर द्या, पंधरा दिवस लागतील, म्हणाले. पैसेही आधी हवेत. एकेक नट लेथवर आतून आटे पाडून करता आला असता, पण त्यालाही तितकेच दिवस. चाचांचे कारागीर मीटरवर पगार घेणारे, माग बंद म्हणजे त्यांची भाकरी बंद. चाचा म्हणाले, “दूसरा कोई करता तो जाता मैं. पर सबकी मशीनें डूबी हैं.”

आम्ही चाचांना नाही म्हणणारच होतो. अब्बा आतून म्हणाले, “टॅप बना लेंगे.”

आम्ही जन्मात टॅप केला नव्हता. अब्बांनी केला होता, पण त्यांना दिसत नव्हते.

मोटर उसनवारीने गुंडाळून घेतली. डब्यातून आटे पाडायचे टूल काढले, त्याला ५५ अंशांची धार दिली. सिल्व्हर स्टीलचा अर्ध्या इंचाचा गज घरात होता. नावात चांदी आहे, आत चांदीचा कणही नाही. एक टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले ते साधे, गुणी पोलाद. त्यावर डावे आटे पाडले. डाव्या आट्यांना टूल चकपासून दूर पळते, सवय नसेल तर छातीत धस्स होते. पुढचे टोक निमुळते केले. मग कानशीने चार नाळी कोरल्या, म्हणजे कीस निघायला जागा. या नाळींना एक दिवस गेला. बोटांची साले निघाली.

पहिला टॅप पाण्यात फुटला. ब्लो लॅम्पने लाल केला, जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून जवळ नेले. पुरेसा तापला की पोलाद चुंबकाला ओळख देत नाही. साधारण पावणेआठशे अंशांची ती खूण. चुंबक सुटले, आम्ही घाईने टॅप बादलीत टाकला. ‘टिक’ असा बारीक आवाज आला. अब्बा बाहेरच्या खाटेवर होते. म्हणाले, “गया.” नाळीच्या मुळाशी केसासारखी चीर होती.

दुसरा अब्बांच्या सांगण्यावरून तेलात घातला, जळक्या इंजिन ऑइलमध्ये, उभा, ढवळत. चीर गेली नाही. आनंदाच्या भरात तो तसाच नटात घातला. चिडकी उतरवायची राहिली. तिसऱ्या नटात टॅपचे दात बांगडीसारखे फुटले. रात्रीचे अकरा वाजले होते. आम्ही लेथला लाथ मारली. होय, मारली. अम्मीने पाहिले आणि ती काही न बोलता आत गेली. त्या रात्री भाईजानला फोन करून व्हिसाचे बघा म्हणून सांगितले.

तिसरा सकाळी केला. कडक करून, एक अंग पॉलिश पेपरने चकचकीत घासून घेतले. मग अम्मीची कढई मागितली. कढईत वाळू, वाळूवर टॅप, खाली स्टोव्ह. वाळूने आच सगळीकडे सारखी लागते. तापत जाताना घासलेल्या अंगावर रंग चढतात: आधी फिका पिवळा, मग गडद, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. टॅपला गडद पिवळ्यावर थांबवायचे. थोडे अलीकडे काढले तर दात फुटतात, थोडे पलीकडे गेले तर दात मऊ होऊन वाकतात. मधे वेळ काही सेकंदांचा. आणि तो रंग ओळखणारा डोळा घरात एकच होता, त्याच्यावर मोती चढलेला.

अब्बा कढईजवळ पाटावर येऊन बसले. “बोल.”

“पीला आया.”

“कौनसा पीला?”

आम्ही गोंधळलो. पिवळा म्हणजे पिवळा. “नींबू जैसा?” त्यांनी विचारले. हौ, म्हटले. “रहने दे.” थोड्या वेळाने: “अब? जर्दे के चावल जैसा?” नाही, त्याहून फिका; भाताच्या पेंढ्यासारखा. “नया पेंढा के पुराना?” अम्मी दारात उभी होती. आम्ही डोळे कढईवरून हलवले नाहीत. पेंढा जुना होत गेला, मग अजून काही तरी झाला, त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. आणि एकदम आठवले. ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्यासाठी अम्मी तुपात शेवया भाजते, बोलता बोलता त्यांचा रंग बदलतो, आणि ती पटकन कढई उतरवते.

“सेवई जैसा. भुनी हुई.”

“निकाल!” अब्बा आणि अम्मी दोघे एकदम म्हणाले.

त्या टॅपने चाळीस नट झाले. चाचांनी पैसे दिले, शिवाय एक लुंगीचे कापड. नट पिशवीत भरण्याआधी अब्बांनी एकेक नट दांड्यावर फिरवून बघितला, डोळे मिटून. चाळीसच्या चाळीस. भाईजानला पुन्हा फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग मोटरच्या गुंडाळणीचे पैसे पाठवतो म्हणाले.

अब्बांचे ऑपरेशन डिसेंबरात झाले. दिसू लागल्यावर त्यांनी तो टॅप उजेडात धरून पाहिला आणि नाळी वाकड्या आहेत म्हणाले. वाकड्या आहेतच. २०११ला ते गेले. त्यानंतर आम्ही डबा पूर्ण उघडला, एकेक कागद सोडवला. बहुतेक टूल ओळखू आली: हे बुशीचे, हे पुलीच्या खाचेचे, हे आटे पाडायचे. अजूनही वापरतो. तयार टिपाही वापरतो, त्यांना नावे ठेवायचे कारण नाही; डोंबिवली एमआयडीसीतल्या सीएनसीवाल्यांशी टिकायचे तर वेग लागतो. पण वेडेवाकडे, एकटेदुकटे काम आले की पुन्हा ठिणगी बघणे आणि कढईतली वाळू.

एक टूल मात्र ओळखू आले नाही. जुन्या कानशीचे केलेले, पाठीवर कानशीचे पुसट दात अजून दिसतात. गुंडाळलेला उर्दू पेपर १९८४च्या ऑगस्टचा. टोकाला सरळ धार नाही. एक पोकळ वळण, मग बारीक कंगोरा, मग दुसरे वळण, इतके सफाईचे की बोट फिरवत राहावे. वरून सपाट, म्हणजे पितळेचे. पण लूममध्ये असल्या घाटाचे पितळ कुठेच नसते. चाचांना दाखवले, त्यांनाही माहीत नव्हते. घासून दुसरे काही करावे असे कैकदा मनात आले, केले नाही.

अम्मी तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या पेटीत तिची सुरमेदाणी होती, पितळेची, वापरून गुळगुळीत झालेली. आमच्या लहानपणापासून ती घरात आहे. “तुम्हारे अब्बा लाए थे, हाजी मलंग के मेले से,” असे अम्मी सांगायची. मलंगची यात्रा माघी पौर्णिमेची, आणि कारखाना बंद झाल्यानंतर अब्बा कित्येक वर्षे मलंगगडावर गेलेच नव्हते; पण हा हिशेब तेव्हा कोण करतो?

गेल्या वर्षी मुलगी पडवीत होती. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करते, डब्यातली टूल मोजून वहीत त्यांची चित्रे काढत होती. सुरमेदाणी पॉलिश करायची म्हणून आम्ही वाइसजवळ ठेवली होती. मुलीने ते कानशीचे टूल उचलले, सुरमेदाणी उचलली आणि टूलचे तोंड तिच्या मानेला लावले. आम्हाला हाक मारली. आम्ही दोन्ही वस्तू तिच्या हातून घेतल्या आणि दाराशी उजेडाकडे धरल्या, घाट जुळतो का हे बघायची टर्नरची हीच रीत. वळण, कंगोरा, वळण. मधून उजेड कुठेच दिसला नाही.